तोच की तसाच? स्वतःच्या प्रतींची कोडी सोडवायला बसताना

तुम्ही एका खोलीत शिरता, बटण दाबता आणि शुद्ध हरपते. यंत्र तुमच्या शरीरातल्या पेशीन् पेशीची नोंद घेतं आणि ते शरीर तिथेच नष्ट करतं. नोंद रेडिओलहरींवरून तीन मिनिटांत मंगळावर पोचते. तिथलं यंत्र नव्या अणूंपासून तुम्हाला जसंच्या तसं घडवतं. जाग येते. सकाळी दाढी करताना वरच्या ओठावर कापलं होतं, ती जखमसुद्धा जागच्या जागी आहे.

डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ साली ही गोष्ट सांगितली आणि पुढे तिला एक गाठ मारली. काही वर्षांनी यंत्र सुधारतं. आता पृथ्वीवरचं शरीर नष्ट न करताच नोंद घेता येते. तुम्ही खोलीतून चालत बाहेर येता, आणि तिकडे मंगळावरही तुम्ही उठून बसलेले असता. इतक्यात पृथ्वीवरच्या यंत्रापाशी असलेला कर्मचारी हळूच सांगतो की नव्या यंत्राने तुमच्या हृदयाला इजा केली आहे, थोडेच दिवस उरलेत. मंगळावरचा मात्र ठणठणीत आहे. तो तुमच्याशी बोलतो, धीर देतो: बायकोवर माझंही तितकंच प्रेम आहे, मुलांना आम्ही सांभाळू, तुझं अर्धवट पुस्तक मी पुरं करीन.

हे ऐकून तुम्हाला हायसं वाटायला हवं का?

आमच्या रविवारच्या वाचनकट्ट्यावर नवीन कुणी आलं की मी हे कोडं टाकतो. पाचव्या मिनिटाला ‘तो मी नाहीच’ आणि ‘अरे, तोच तर तू’ असे दोन तट पडतात, आणि चहा येईपर्यंत दोन्ही तट आपापलं वाक्य अधिक मोठ्या आवाजात म्हणत असतात. हुशारी कुणातच कमी नसते. कुठून सुरुवात करायची हे कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. एक वही, एक पेन आणि तासभर वेळ काढा.

पायरी पहिली: ‘सेम’ हा शब्द वहीबाहेर ठेवा

मराठीने आपलं अर्धं काम आधीच करून ठेवलं आहे. ‘काल घातलेला तोच शर्ट आज?’ असं कुणी विचारलं, की ‘तोच नाही रे, तसाच दुसरा आहे’ असं आपण सहज म्हणतो. तोच म्हणजे मोजायला गेलं तर एकच. तसाच म्हणजे गुणांनी जुळणारा, मग दुकानात असे पन्नास का असेनात. ‘सेम टू सेम’ म्हटलं की या दोन शब्दांची अदलाबदल होते आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही. मंगळावरचा माणूस तसाच आहे, हे कोडं घालणाऱ्याने देऊनच टाकलंय. तो तोच आहे का, एवढ्यावरच वाद आहे.

इथे कुणीतरी नल-दमयंतीची गोष्ट काढतं, आणि काढावीच. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचं रूप घेऊन स्वयंवरात बसले; दमयंतीसमोर पाच नल. शेवटी खुणा दिसल्या: देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, गळ्यातले हार कोमेजत नाहीत, सावली पडत नाही, पाय भुईला टेकत नाहीत. उरला तो नल. पण तिथे खरा नल कोण याचं उत्तर ठरलेलंच होतं, फक्त झाकलेलं होतं. पार्फिटच्या कोड्यात झाकलेलं काही नाही. पेशीन् पेशीचा हिशोब आपल्या हातात आहे आणि तरीही प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून ‘पण ओळखणार कसं?’ हा प्रश्न वहीत लिहिला असेल तर तो खोडा.

पायरी दुसरी: नावं नंतर, नोंदी आधी

‘मूळ’ आणि ‘नक्कल’ असे शब्द वापरलेत की निकाल आधीच लागला. कचेरीत मूळ कागद कोणता आणि साक्षांकित प्रत कोणती हे शिक्का बघून कळतं. माणसावर शिक्का कुठे मारणार? कट्ट्यावर आम्ही या दोघांना पृथ्वीकर आणि मंगळकर म्हणतो. आणि बटण दाबण्यापूर्वी जो कुणी होता, तो ‘कालचा’. तीन नावं, तीन रकाने.

प्रत्येक रकान्यात लिहा: शरीर कुठून आलं, मेंदू कुठून आला, आठवणी आणि स्वभाव कुठून आले. मग ‘मी’ यातल्या कशाला चिकटलेला आहे असं तुम्हाला वाटतं, त्यावर खूण करा. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत खास एक प्रकरण घालून जाणिवेवर खूण केली. राजपुत्राची जाणीव, त्याच्या साऱ्या आठवणींसह, एका चांभाराच्या शरीरात उतरली तर तिथे राजपुत्रच आहे, असं तो म्हणाला. आपल्याकडे वेताळाने विक्रमाला धडं आणि डोकी बदललेल्या दोघांचं कोडं घातलं तेव्हा राजाने डोक्यावर खूण केली: ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं, तो नवरा.

आठवणींवर खूण करणाऱ्यांनी थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाचा १७८५चा आक्षेप ऐकून ठेवावा. एका मुलाने बाग लुटली म्हणून फटके खाल्ले. पुढे तरुण अधिकारी होऊन त्याने शत्रूचं निशाण जिंकलं, तेव्हा त्याला फटके आठवत होते. म्हातारपणी सेनापती झाल्यावर निशाण आठवतं, पण फटके पार विसरले. मग सेनापती तो मुलगा नाही का? यातून बहुतेक जण असे सुटतात की थेट आठवण नको, कडीत कडी अडकलेली साखळी पुरे. तुम्हीही तसे सुटलात तर ‘साखळी’ हा शब्द मोठ्या अक्षरात लिहा. पुढे तोच छळणार आहे.

(कट्ट्यावर एखादा भौतिकशास्त्रवाला असतोच. तो म्हणतो, अज्ञात पुंज-अवस्थेची, म्हणजे कणांच्या क्वांटम स्थितीची, अचूक नक्कल करता येत नाही, हे १९८२ सालीच सिद्ध झालंय. खरं आहे. पण रात्रभर झोपून उठलेले तुम्ही तरी कालच्या तुमची अचूक नक्कल कुठे असता? तरी सकाळी चहा तुमच्याच नावाचा होतो. तेव्हा अचूकपणाचा आग्रह सोडा, बऱ्यापैकी जुळणं पुरे.)

पायरी तिसरी: वेदना आणि पैसा मधे आणा

‘तो मीच का?’ असं विचारलं की माणूस व्याख्या शोधत बसतो. ‘उद्या त्याची दाढ भूल न देता काढणार आहेत, तुला धडकी भरते का?’ असं विचारलं की तो खरं बोलतो. स्वार्थ हे इथे मापयंत्र आहे. ‘स्व’ कुठपर्यंत पसरलाय हे पाहायचं तर तो कुठपर्यंत घाबरतो ते पाहायचं.

पण हे यंत्रही फसवतं, आणि कसं फसवतं ते बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७० साली दाखवलं. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत चलाख डाव आहे, म्हणून इथे सावकाश चला.

पहिल्यांदा गोष्ट अशी वाचा. अ आणि ब हे दोघं एका यंत्रात बसणार आहेत. अच्या आठवणी, स्वभाव, सगळं बच्या शरीरात जाईल आणि बचं सगळं अच्या शरीरात. त्यानंतर दोनपैकी एका शरीराला एक लाख डॉलर मिळतील आणि दुसऱ्याचा छळ होईल. अला आधीच विचारलं: निव्वळ स्वतःचा फायदा बघून सांग, पैसे कुणाला? जवळजवळ सगळे नवखे म्हणतात, त्याने बच्या शरीराला म्हणावं. कारण ‘तो’ तिकडे गेलेला असेल.

आता पान उलटा आणि हीच गोष्ट दुसऱ्या चालीत वाचा. एक माणूस तुम्हाला सांगतो, उद्या तुझा छळ होणार आहे. तुम्ही हादरता. तो म्हणतो, त्याआधी तू ही सूचना विसरशील. भीती कमी होते का? नाही. मग म्हणतो, तुझ्या सगळ्या आठवणी जातील. हे तर आणखी वाईट! मग म्हणतो, त्या जागी दुसऱ्याच आयुष्याच्या आठवणी येतील. तरी भीती तशीच. मग म्हणतो, त्या आठवणी अमुक एका जिवंत माणसाच्या असतील. आणि शेवटी म्हणतो, तुझ्या आठवणी त्या माणसात घातल्या जातील. यातल्या नेमक्या कोणत्या वाक्याला ‘मग ठीक आहे, त्या छळाशी माझा संबंध नाही’ असं तुम्ही म्हणाल?

घटना तीच आहे, एक तपशीलही बदललेला नाही. पहिल्या वाचनात आपण आठवणींमागे गेलो, दुसऱ्या वाचनात शरीराला चिकटून राहिलो. तेव्हा वहीत कोणतंही कोडं दोनदा लिहा: एकदा ‘अ आणि ब’ असं बाहेरून, एकदा ‘तुला’ असं आतून. दोन्हीकडे उत्तर एकच आलं, तरच त्यावर भिस्त ठेवा. न आल्यास लाजू नका. जगभरच्या तत्त्वज्ञांचं २०२० साली सर्वेक्षण झालं त्यात पार्फिटचं साधं यंत्र, म्हणजे एकच माणूस उरतो ते, मरण आहे असं साधारण ४० टक्के म्हणाले आणि त्यातून माणूस वाचतो असं साधारण ३५ टक्के. बाकीचे या दोन्हींत बसले नाहीत.

पायरी चौथी: एकाचे दोन करा

आता ती साखळी काढा. मंगळकर साखळीने कालच्याशी जोडलेला आहे, तर मंगळकर तोच. ठीक. पण पृथ्वीकरही तशाच साखळीने जोडलेला आहे. दोघंही ‘तोच’ असतील तर दोघं मिळून एकच माणूस व्हायला हवा. आणि इथे तर एक मरणाच्या दारात आहे, दुसरा ठणठणीत. विल्यम्सने ही अडचण १९५०च्या दशकातच मांडली होती. एका माणसाला १६०५ साली ब्रिटिश संसद उडवण्याच्या कटातल्या गाय फॉक्सच्या आठवणी येऊ लागल्या, म्हणून त्याला फॉक्स म्हणाल. मग तशाच आठवणी त्याच्या भावालाही येऊ लागल्या तर?

पार्फिटने याच अडचणीची पायरी केली. मेंदूचा एक गोलार्ध शस्त्रक्रियेने काढलेली माणसं जगतात, हे वैद्यकात झालेलं आहे. दोन गोलार्धांमधला दुवा तोडलेल्या रुग्णांवरच्या कामासाठी मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांना १९८१चं नोबेल मिळालं. आता कल्पना करा, की तिळ्या भावांपैकी एकाचं शरीर निकामी झालं आणि उरलेल्या दोघांचे मेंदू. पहिल्याच्या मेंदूचा एक अर्धा भाग एका भावाच्या शरीरात बसवला आणि दुसरा भाग वाया गेला, तर तो वाचला असं आपण म्हणू. मग दुसरा अर्धाही दुसऱ्या भावाच्या शरीरात नीट बसला, तर? दोन्ही शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यामुळे रुग्ण दगावला, असं म्हणायचं का?

पार्फिटचं उत्तर: ‘तोच’ हे नातं दोघांशी जुळवता येत नाही, हे मान्य करा. पण ज्यासाठी आपल्याला जगायचं असतं ते सगळं दोघांकडे पोचलंय. याचा अर्थ ‘तोच’ असणं हे मुळात इतकं महत्त्वाचं नव्हतंच. रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८१ साली असं सुचवलं की सर्वांत जवळचा वारस तोच ‘तो’, आणि बरोबरी झाली तर कुणीच नाही. त्याच्याच देशातल्या डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९७६ साली तर म्हटलं की विभागणीआधीही माणसं दोनच होती, फक्त एकाच वाटेने चालत होती. नवख्याने लुईसच्या नादी पहिल्याच दिवशी लागू नये.

वहीत आता दोन वेगळे प्रश्न दिसले पाहिजेत: ‘तो मीच का?’ आणि ‘त्याची काळजी मी माझी म्हणून करावी का?’ पहिल्याचं उत्तर नाही आलं तरी दुसऱ्याचं हो येऊ शकतं.

पायरी पाचवी: कितीची वेळ आहे ते विचारा

ही पायरी मला पुस्तकात कमी आणि कट्ट्यावरच्या भांडणात जास्त सापडली. लोक कोणत्या क्षणी उभं राहून बोलतायत हेच सांगत नाहीत.

असं समजा: शनिवारी रात्री तुमची प्रत काढणार आहेत. रविवारी सकाळी एकजण दंतवैद्याच्या खुर्चीत जागा होईल, भूल नाही. दुसरा घरी, समोर गरम पोहे. शनिवारी संध्याकाळी तुम्हाला सांगितलं, हजार रुपये भरलेस तर खुर्चीतल्याला भूल देऊ. भराल? माझ्या अनुभवात सगळे भरतात, आणि दया म्हणून नाही, स्वतःसाठी म्हणून. शनिवारी दोन्ही रविवार आपले वाटतात.

आता रविवारी सकाळी पोहेवाल्याला विचारा: हजार रुपये दे, तिकडे भूल देतो. तो कदाचित देईल, पण आता भाऊ म्हणून, माणुसकी म्हणून. त्याच्या दाढेत कळ उठणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आणि खुर्चीतल्याला विचारा, तुझी कळ त्याला देऊ का? बघा काय म्हणतो.

म्हणजे ‘प्रतीची काळजी स्वार्थात बसते का’ या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. प्रत निघण्याआधी बसते, निघाल्यावर बसत नाही. पृथ्वीकराला हायसं वाटत नाही याचं कारण तो रविवारचा माणूस आहे. बटण दाबण्याआधी त्याला सगळं सांगितलं असतं, तर त्याने कदाचित खांदे उडवले असते.

इथे एक खड्डा आहे. शनिवारी लोक म्हणतात, ‘मी खुर्चीत जागा होण्याची शक्यता ५० टक्के.’ कसली शक्यता? नाणं कुणी उडवलंच नाही. एकजण खुर्चीत असणार हे १०० टक्के ठरलंय आणि एकजण पोह्यांपाशी हेही १०० टक्के ठरलंय. टक्केवारी बोलायचीच असेल तर ती कशाची, हे आधी वाक्यात लिहून दाखवा. बहुतेकांची पेन्सिल तिथेच थांबते.

दुसरी कसोटी देण्याघेण्याची. कालच्याने मित्राकडून १०,००० रुपये उसने घेतले होते. रविवारी पोहेवाला म्हणाला, ‘घेणारा मी नव्हे’, तर? तुम्ही त्याला सोडणार नाही. मिलिंदप्रश्न या जुन्या बौद्ध ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदाला आंबेचोराचा दाखला देतात: ‘मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे’ असं म्हणून चोर सुटत नाही, कारण हे आंबे त्या लावलेल्या आंब्यांतूनच आले. कर्ज साखळीने पुढे सरकतं. मग जो म्हणतो ‘मंगळकर माझा कुणी नाही, पण माझं कर्ज त्याने फेडावं’, त्याने जरा थांबावं. देणं पुढे जात असेल तर आशा का जाऊ नये?

पण बघा, कर्ज १०,००० चं २०,००० होत नाही. दोघांनी मिळून एकदाच फेडायचं. दाढदुखी मात्र दोघांच्या दाढा काढल्या तर दोनदा होते. काय दुप्पट होतं आणि काय होत नाही, याची यादी करा: कर्ज, वचन, वेदना, लग्न, घराचा सात-बारा, आईवरचं प्रेम. ‘आईवरचं प्रेम’ इथे कट्टा अर्धा तास अडकला होता.

पायरी सहावी: यंत्र काढून टाका

आता मंगळ विसरा आणि वहीत ‘कालचा’ कापून ‘आजचा मी’ लिहा, ‘मंगळकर’ कापून ‘वीस वर्षांनंतरचा मी’ लिहा. अणू बरेच बदललेले, आठवणी विरळ झालेल्या, आवडीनिवडी वेगळ्या. साखळी तेवढी आहे. त्याच्या म्हातारपणासाठी आज पगारातून पैसे कापून ठेवतो तो स्वार्थ की परोपकार?

विल्यम हॅझलिट या इंग्रज निबंधकाराने १८०५ साली, वयाच्या सत्ताविशीत, हा प्रश्न विचारला होता. त्याचं म्हणणं असं: भूतकाळाशी मला आठवण जोडते, वर्तमानाशी संवेदना, पण भविष्याशी फक्त कल्पना. आणि दुसऱ्याचं दुःख मला कळतं तेही त्याच कल्पनेच्या बळावर. माझ्यासारखी जाणीव ईश्वराने अनेकांत घातली तर त्यातल्या कुणाचं हित माझं, असंही त्याने विचारून ठेवलं, पार्फिटच्या कितीतरी आधी. आठव्या शतकातला बौद्ध आचार्य शांतिदेव आणखी कडक आहे. दुसऱ्याचं दुःख मला बाधत नाही म्हणून मी ते टाळत नाही असं म्हणतोस, तर उद्याच्या देहाचं दुःखही आज तुला बाधत नाही. मग ते का टाळतोस? ‘तेव्हाही मीच असेन’ ही त्याच्या मते खोटी समजूत आहे.

माझं मत विचाराल तर शांतिदेवाचा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी कापतो आणि तो मानणारे हे सांगत नाहीत. त्यातून ‘सगळ्यांची काळजी घे’ असं निघतं, तसंच ‘मग उद्याचीही घेऊ नकोस’ असंही निघू शकतं. भविष्य निर्वाह निधीचा फॉर्म भरताना दुसरा निष्कर्ष कुणी काढू नये म्हणून मी हा मुद्दा शेवटी ठेवतो.

शेवटी लिहायचं ते

दोन पत्रं. पहिलं मंगळकराचं पृथ्वीकराला, दुसरं पृथ्वीकराचं मंगळकराला. प्रत्येकी एक पान, आणि ‘मूळ’, ‘नक्कल’, ‘सेम’ हे तिन्ही शब्द वर्ज्य. लिहून झाल्यावर दोन्ही पत्रांत ‘आपण’ हा शब्द कुठे कुठे आला त्याखाली रेघ मारा आणि प्रत्येक ठिकाणी त्यात किती माणसं धरली आहेत ते समासात लिहा.

पहिलं पत्र मी एका बैठकीत लिहिलं होतं. दुसऱ्याचा मायना ‘प्रिय’पर्यंत आला आहे.